शून्यावर काटा

गाडी चढायच्या आधी काटा शून्यावर पाहिजे,
हे मला भगवंतराव कुंभाऱ्यांनी टपली मारून शिकवलं.
पाट्यावर कुत्रं झोपलं असेल तर तेही उठवायचं.
वडनेर रोडच्या जिनिंगवर
एकवीस हंगाम मी ते पाळलं.

औंदा शून्य दुसरीकडून आलं.
कुठल्याशा थंड शहरात लांब टेबल,
पल्याड ते, ज्यांची वावरं विमानातून फवारतात,
अल्याड आपले, कोट घातलेले.
त्यांनी बदाम पुढे सरकवले, आपण कोळंबी,
असं चाललं म्हणे नऊ दिवस,
आणि शेवटच्या रात्री, सगळे पेंगलेले असताना,
कापसाच्या रकान्यात कोणीतरी शून्य काढलं.
मला ते अक्षर बघायचं आहे.
वरून सुरू केलं की खालून,
हात थोडा थांबला का.

मग बंदरात गाठी उतरल्या.
शेठनं खिशातून नमुना काढला,
बोटांनी पिंजून उजेडात धरला.
"आपल्याहून बरा नाही," म्हणाले, "स्वस्त आहे."
संक्रांतीनंतर एकच पाळी.
शिवरात्रीला तीही गेली.

कवडी वेचणाऱ्या सोळाजणी रेच्याजवळून उठल्या,
भुवयांवर कापूस तसाच.
वच्छला आत्राम माझ्या खिडकीशी आली.
"त्या टेबलावर कोनं कवडी येचली हाये का कधी?"
माहीत नाही, मी म्हटलं.
"मंग त्याईले कसं समजलं, आमी जास्त झालो म्हून?"

अकराजणी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या.
प्रेसवरचा शालिक नागपुरात कुठल्या तरी
बंद मॉलची राखण करतो.
मला अर्ध्या पगारावर ठेवलंय,
काट्याला गंज चढू नये म्हणून.

रोज सकाळी बटण दाबतो.
शून्य.
संध्याकाळी बघतो, तेच.
इतका इमानदार काटा जिल्ह्यात नसेल.

काल टेबलाचा खण आवरताना
मागच्या दिवाळीची एक पावती सापडली.
जेवणाच्या सुट्टीत त्या सोळाही जणी
पाट्यावर चढल्या होत्या, एकमेकींना धरून, खिदळत,
आणि मी खरंच वजन घेतलं होतं :
सातशे चाळीस किलो.
वाहन क्रमांक : पायी.
माल :
इथं काय लिहावं ते सुचलं नव्हतं,
तेवढ्यात भोंगा झाला.