तिसऱ्या तंबूतला दिवा

नेत्रावळीला, कुळागराच्या कडेला
तंबू ठोकायला जागा दिली मी,
पोफळींखाली, जिथून पाट वाहतो.
पाहुणे म्हणाले, दिवा हवा.
मग शाबलोकाकाला हाक मारली.

शाबलो वेळीप, वीज खात्यातून निवृत्त,
उजव्या हाताची दोन बोटं खांबावरच सोडून आलेला.
उरलेल्या तिनांनी तो रिळावरची वायर सोडत राहिला,
सगळी, अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत.
"एवढी कशाला काका, तंबू तर दहा पावलांवर?"
"गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, बाय.
तुझ्या मामासारखी."

जोड त्याने डबीत घालून फांदीला टांगला,
वायरीला खाली झोल दिला,
म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जाईल.
चेनच्या दातांत वायर नको, म्हणाला,
आणि दिवा कापडापासून हातभर लांब,
त्यावर कुणी टॉवेल वाळत घालायचा नाही.
मग घरातल्या पेटीवरचं छोटं बटण दाखवलं:
"दिवा लावायच्या आधी हे दाबायचं. ब्रेकर पडायला हवा.
नाही पडला तर दिवा लावू नको, मला बोलाव."

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला दाबते.
टक्. फ्रीजसुद्धा गप्प.
मग वर करते.

शनिवारी बेळगावचे मुतगेकर आले,
मुलीचा आठवा वाढदिवस.
पिशवीतून चमचमती माळ काढली,
केसाएवढी तार, टोकाला चिकटपट्टी.
मी म्हटलं, ही नको.
"अहो, एका रात्रीचा प्रश्न," ते हसले,
आणि माझी पाठ वळताच लावली.

साडेनऊला सगळीकडे काळोख.
मुतगेकर बॅटरी घेऊन अंगणात:
"लाइट नाही? पैसे तर पूर्ण घेतलेत!"
मी ब्रेकर वर केला नाही.
आधी माळेचं पिन उपटलं, मग तार धरून चालत गेले.
दवाने ओल्या गवतात माळेचं टोक पडलेलं,
आणि शेजारी अनवाणी ती पोर,
हातात केकचा तुकडा, खायचा विसरलेला.
"बाबा, पायाला मुंग्या आल्या. मग लाइट गेली."

मुतगेकर काही बोलले नाहीत.
माळ गोळा करून खिशात कोंबू लागले,
ती खिशात मावत नव्हती,
तरी कोंबत राहिले.

रात्री काकाला फोन लावला.
"काका, ब्रेकर पडला."
पलीकडे खोकला, खाटेची कुरकुर.
"पडला ना?" तो म्हणाला. "मग नीज आता."