दुसरा रविवार

बंद पडलेल्या पॉवरलूमच्या वरच्या खोलीत
महिन्यातून एकदा आम्ही अकरा जण जमतो.
जिना लोखंडी. एप्रिलात कठड्याला हात लावायची सोय नाही.
दारावर पाटी लावली नाही कधी.
खालचा वॉचमन पहिल्यांदा म्हणाला, भिशी हाय का?
तेव्हापासून भिशीच आहे.

मी पिग्मी एजंट.
सहा दिवस साखर पेठ ते कन्ना चौक
लोकांची नाणी मोजून घेतो, चिठ्ठी फाडून देतो.
सातव्या दिवशी एकच नाणं घेऊन बसतो
आणि ते कुठं गेलं ते मलाही कळू नये
इतका सराव करतो.
बायको म्हणते, वहीत असलं काही करू नका म्हणजे झालं.

इराण्णा हत्तरकीचं शेंगाचटणीचं दुकान.
त्याच्या पत्त्यांना तेल लागलेलं,
चौकटची राणी इस्पिक सत्तीला चिकटून येते
आणि तो म्हणतो, हीच तर ट्रिक.
गौस बागवानला रेशमी रुमाल परवडत नाहीत.
टॉवेलच्या कारखान्यातले नाकारलेले नॅपकिन आणतो,
मुठीत कोंबतो, कोंबत राहतो,
एक कोपरा बाहेर उरतोच.
सुवर्णा बोल्ली सिव्हिलला नर्स. दोरी कापते, जोडते.
तिथल्या टाक्यांचा व्रण राहतो, म्हणते,
म्हणून इथं येते.

बाहेर कुणी विचारलं, कसं केलं,
तर नुसतं हसायचं.
इथं तोच प्रश्न पहिला:
कसं करूलालास बे? सावकाश दाखव.
माझ्या खुर्चीवरून दिसूलालंय. अंगठा आत घे.
आणि ज्याचं पकडलं जातं तो खूश होतो,
जगात असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

हे सगळं नरसय्या चिप्पांनी शिकवलं.
गिरणीत असताना चालत्या मागावर
तुटलेला धागा सांधायचे, माग न थांबवता.
त्याच बोटांत एक जाडजूड जुना रुपया,
कडा झिजून गुळगुळीत,
चार बोटांवरून चालत जायचा, परत यायचा,
जेवण झाल्यावर म्हातारा शतपावली करतो तसा.

दिवाळीपासून उजवा हात थरथरतो.
दोन रविवार आले नाहीत.
आज आले, इस्त्रीचा सदरा घालून,
आणि मधोमध उभे राहिले.

रुपया दुसऱ्या बोटापर्यंत गेला.
मग फरशीवर.
नाणं पडतं त्याचा आवाज आम्हा अकरा जणांइतका
कुणाला ओळखीचा नसेल.
गोल फिरलं, फिरत राहिलं, आडवं झालं.
इंकोसारि, काका म्हणाले, स्वतःलाच.

तेवढ्यात सुवर्णा म्हणाली,
हा पंखा असा आवाज का करूलालाय?
आणि सगळ्यांच्या माना वर.
लाईट सकाळपासून गेलेली. पंखा बंद होता.
आम्ही त्या बंद पंख्याकडे बघत राहिलो,
पात्यांवरची धूळ बघितली, जाळं बघितलं,
इराण्णा तर म्हणाला, बेअरिंग गेलंय.

बघा, काका म्हणाले.
उजवा तळहात रिकामा. डावा रिकामा.
रुपया इराण्णाच्या कानामागून निघाला.
टाळ्या वाजवल्या आम्ही.
गौस नव्यानंच आलेला, नियम पाळणारा पोरगा,
त्यानं विचारलं, कसं केलाव काका?

कुणी काही बोलेना.

काकांनी रुपया सदऱ्यावर पुसला.
म्हणाले, काही नाही रे.
आधी सगळ्यांना
पंख्याकडं बघायला लावायचं.

उतरताना वॉचमननं रोजच्यासारखं विचारलं,
कुणाला लागली आज?
वरच्या पायरीवरून काकांनी हात वर केला.
हात हलत होता.
त्याला वाटलं, निरोप देतायत.
त्यानंही हलवला.