पाव फेरा

करमाळ्याच्या एसटीतून उतरला तेव्हा
खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं,
पोराएवढं जड, मासळीच्या वासाचं.
कंडक्टरनं त्याचंही अर्धं तिकीट फाडलं म्हणे.

हौसेराव पतुले. भोई. उजनीच्या फुगवट्यावरचा.
‘मागाचे जॉबर तुम्हीच ना?
लोखंडाचं ऐकता म्हणत्यात.’
मी जन्मात होडीत बसलेलो नाही.
आमच्या अशोक चौकात पाणी म्हणजे
चार दिवसांआड येणारा नळ.

पोतं सोडलं. हिरव्या रंगाचे पापुद्रे,
परदेशी नावाची तीन अक्षरं शिल्लक,
माझ्याहून चार वर्षांनी थोरलं इंजिन.
दोरी ओढली. खोकलं.
पुन्हा ओढली, तर त्यानंच
हिसका देऊन माझा हात आत खेचला.

मग रीतसर.
प्लग काढून माथ्याला टेकवला: ठिणगी निळी, चुरचुरीत.
भोकावर अंगठा धरला: फट्कन उडवला.
कार्बोरेटरच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा
पाकासारखा चिकट थर;
तारेनं, रॉकेलनं, फुंकरीनं जेट मोकळा केला.
पॉइंट घासले. फट मोजायला
पुतणीच्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापला
(जाडी अगदी बरोबर. लग्न टिकलं नाही).

आग आहे, तेल आहे, दम आहे.
आणि तरी नाही.

दोन दिवस ते माझ्याकडे बघत बसलं.
नरसम्मा उंबऱ्यात विड्या वळत होती.
धागा दातात धरून, मान वर न करता म्हणाली,
‘वेळ चुकल्यावर माग कसा आदळतो,
तसंच वाजतंय की हे.’

माझा पाना हातात राहिला.
तीस वर्षं दुसरं काय बघितलं मी?
सूत चांगलं, धोटा चांगला, मोटर नवी,
पण धोटा अजून वाटेत
आणि फणी येऊन आदळते.

चाक उपसलं. खाली, शाफ्टच्या खाचेत,
भाताच्या दाण्याहून थोडी मोठी चावी,
अर्धी कापलेली. चाक तेवढंच सरकलेलं.
ठिणगी पडत होती, पण अवेळी,
पाहुणे यायच्या आत पंगत उठावी तशी.

‘दगडाला बसला होता का पंखा?’
हौसेराव नखं बघत राहिला.
उन्हाळ्यात पाणी उतरतं,
बुडालेल्या गावाच्या भिंती वर येतात.
पंख्याची पिन सारखी तुटायची,
म्हणून त्यानं एकदा
मोडक्या ड्रिलचा तुकडाच ठोकला होता.
‘मग नाही तुटली,’ तो म्हणाला.
‘ती नाही तुटली,’ मी म्हणालो.

भंगारातल्या मागाचा पितळी बुश होता,
त्यातून चावी घासली. एक अख्खी संध्याकाळ,
कानस, फुंकर, खाचेत बसवून बघणं, पुन्हा कानस.
पिनही पितळेच्याच केल्या. दोन जास्तीच्या,
विडीच्या पुडक्याच्या कागदात.

रंगाऱ्याकडून पिंप आणलं, त्यात इंजिन उभं केलं.
तिसऱ्या ओढीला उठलं.
मागच्या बारीक भोकातून धार आली, लालभडक!
हौसेराव दोन पावलं मागे सरला.
पिंपात चादरींचा रंग उरला होता.
गल्लीतली पोरं नाचायला लागली,
आणि नरसम्मानं विड्यांचं सूप
धुरातून शिव्या देत आत नेलं.

पैशांचं अर्धंच जमलं.
अर्ध्याची चिलापी आली गुरुवारी, बर्फात,
त्याच कंडक्टरच्या हाती.

नंतर एकदा फोन. हॅलो नाही, काही नाही.
नुसतं इंजिन, आणि त्याच्यामागे
भिंती नसलेलं काहीतरी, लांबवर,
जिथून कुठलाच आवाज परत येत नव्हता.
मी माग बंद केला. ऐकलं.
‘जास्त पितंय,’ म्हणालो. ‘खालचा स्क्रू
पाव फेरा आत. पावच.’

थोडं अडखळलं. मग एकसूत झालं.
फोन त्यानं काठावर कुणाच्या तरी हातात दिला असणार,
कारण आवाज हळूहळू
लांब जायला लागला.