किनाऱ्याला लागेपर्यंत

वास्कोतल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून
मुरगावचं बंदर दिसतं. क्रेन, कोळसा, एखादं कंटाळलेलं जहाज.
सिप्रियान बाब तिकडे बोट दाखवून म्हणाला,
“हांगाच उतरय मरे.”
मी म्हटलं, नवी गाडी इथे उतरत नाही.
न्हावाशेवा. मग ट्रेलर. मग घाट.
म्हणजे घाटाचंही भाडं.

बहारीनमध्ये एकोणीस वर्षं त्याने
मालकाची पांढरी पिकअप हाकली.
आता तीच हवी, पण लाल, स्वतःच्या नावावर,
थायलंडहून, उजव्या स्टिअरिंगची.

मी पाठकोऱ्या कागदावर मांडत गेलो.
गाडीची किंमत. ती त्याला पाठ होती.
जहाजाचं भाडं. विमा.
तिन्हींची बेरीज, आणि त्या बेरजेवर जकात.
“म्हणजे दर्याच्या भाड्यावर पण?”
हो बाब, दर्याच्याही.
“आणि गाडी बुडू नये म्हणून भरले, त्याच्यावर?”
न बुडाल्याबद्दल.
मग अधिभार, मग सगळ्यावर मिळून आणखी एक कर,
पुण्याचा दाखला, आमची फी
(ती मी बारीक अक्षरात लिहिली).

शेवटच्या आकड्यातली शून्यं
तो पेन्सिलीच्या टोकाने मोजत बसला,
बाजारात तिसऱ्या मोजून घेतात तशी.
मग म्हणाला, “सही खंय मारूं?”

गाडी आली. एक कागद कमी पडला
म्हणून अकरा दिवस यार्डात उभी राहिली.
उभं राहण्याचं भाडं चालण्यापेक्षा महाग पडतं,
हे मी फोनवर सांगितलं.
पलीकडे कुणीतरी नारळ सोलत होतं.
बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.

रायबंदरच्या धक्क्यावर मी मुद्दाम गेलो.
चोडणच्या फेरीत गाडी चढताना
खलाशाने आरसे मिटायला लावले,
एका स्कूटरवाल्याला कठड्याशी दाबलं
आणि मागितले जेमतेम चहाचे पैसे.
साऱ्या प्रवासातलं हे सगळ्यात स्वस्त पाणी.
बाबने पावती मागितली.
खलाशी हसला. बाब नाही.
घडी घालून ती त्याने फाईलमध्ये ठेवली,
जकातीच्या चलनाखाली.

फेरी टेकली. त्याने चावी फिरवली,
आणि गिअर टाकायला
एकोणीस वर्षांच्या सवयीने उजवा हात गेला
तो थेट दारावर आपटला.

“थांब रे,” तो म्हणाला,
दाराला की हाताला कोण जाणे,
“घरा पावलों.”