साउंडवाल्याचं म्हणनं

पहिले एक गोष्ट क्लिअर करून घेऊ.
अंतराळात आवाज नसते.
हवाच नाई तं स्फोट कायचा आयकू येते?
हे मी धावी नापास मानूस सांगतो,
पन 'सतरावं यान' बनवनाऱ्याईले कोनी सांगतलं नाई.
दर रविवारी एक यान फुटे, आन् धडाम होये,
आन् मी मिस्त्रीच्या दुकानात
सोल्डरची गरम सुई हातात धरून वरडो,
काका, चुकलं!
रहीमकाका मान वर न करता म्हनत,
तू वायर पाय.

तरी एकबी भाग सोडला नाई.

दुसरं म्हंजे थ्याईचे ग्रह.
कोनताई घ्या, निरा आमची गिट्टीखदान.
मुरूम, दगड, कडेले एक वायलेली बाभूय,
जिच्यावर निळा कागद गुंडाळला की झालं परक्याचं झाड.
वर दोन सूर्य. दोन!
आमच्याकडं मे मइन्यात एकच निंगते
आन् दोघाईची ड्युटी करते.
पन थे चालते. रंग चालते, शेपट्या चालते.
बोलनं नाई चालत.
नखापासून कानापर्यंत हिरवा मानूस,
तीन डोये, आन् म्हनते कसा,
"आपण कोण आहात? येथे येण्याचे प्रयोजन?"
दोनशे प्रकाशवर्षं जाऊन
एकबी जीव असा भेटू नये
जो म्हनीन, काऊन बे, कुठचा तू?
पानी पेतं का?

आता रॉकचं.
रॉक बसून आयकाची चीज नाई, हे माह्यं मत,
आन् पांढरकवड्याच्या कॉलेजात
पहिल्या लायनीले सोफे होते,
सोफ्यावर शाली, शालीत संचालक मंडळ.
पोट्ट्याईनं बँड आनला होता.
नाव 'डीपी जळाली'. आमच्या तोंडी, जयाली.
अठरा इंची बास माह्ये, चार. मिक्सर माह्या.
गानारा मले पटला नाई.
माइक तोंडात कोंबते, मंग शब्द लोनच्यावानी मुरते.
वरून वरडला, हॅलो चंद्रपूर!
मांगून कोनीतरी म्हनलं,
पांढरकवडा हाय बे, उतर खाली.
पन ढोलवाली पोरगी होती,
समता मेश्राम, पुलगावची,
ओढनी कमरेले गच्च.
तिच्या पायात जो ठोका होता
थो माह्या मिक्सरमंदी कुठंच नाई. मी शोधला.

तिसऱ्या गान्याले खरोखरची डीपी जयाली.
चौकापासून जिनिंगपर्यंत काया अंधार.
बास मेले. गिटार म्हंजे नुसतं लाकूड.
पोट्ट्याईनं मोबाइलचे लाइट लावले,
थ्या उजेडात गानाऱ्याचं तोंड दिसलं, हे मोठं,
नरड्याच्या शिरा टरटर,
आन् आवाज?
मधात दोन हजार मानसं, मांगपर्यंत काईच पोचेना.

मी खुर्चीवरून उठलो.
हे बरोबर! मी वरडलो. काका, हे बरोबर दाखवलं!

बाजूचा पोट्ट्या माह्याकडं पाहूनच राह्यला.
रहीमकाकाले जाऊन तवा अकरा वर्षं झालेली.

मंग समतानं ठोका धरला.
ढोलाले कायची डीपी?
सोफ्यावरचे उठले की नाई थे मले दिसलं नाई,
माती हालत होती येवढं चपलेतून समजलं.

'सतराव्या याना'चा शेवटचा भाग मी पाह्यला नाई.
थ्या दिवशी लाइन गेली थे मंगळवारी आली.
कोनी पाह्यला असन तं मले सांगू नका,
माह्या डोक्यात थे यान अजून फुटाचं हाय.

राती दीडले वायरी गुंडाळल्या, टेम्पो भरला.
घरी येऊन पडलो तं कानात सारखं कुईं, बारीक.
तिकडं वर आवाज असताच, तं येवढाच असता.

कॉलेजकडं सातशे रुपये बाकी हाय.