सही जुळत नाही

पहाटे साडेचारला जाग येते अजून, बिगुल नसताना.
बोटं मात्र आठपर्यंत उठत नाहीत.
वच्छला गरम पाण्याचं घमेलं खाटेशी सरकवते,
भिजत घातलेल्या वालांसारखे
सांधे बुडवून मी बसतो.

बोर्डानं दोन ओळींत उरकलं:
आजार सेवेमुळे झालेला नाही.
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
खाली तीन सह्या. तिन्ही झोकदार.

मग आला कुठून?
भरतीला तुमच्याच डॉक्टरानं लिहिलं, तंदुरुस्त.
उणे पंचवीसला जनरेटरचे नट
हातमोजे काढून पिळले मी,
लोखंडावर कातडी सोडून आलो,
ते कुठल्या रकान्यात?
रक्तातच असेल, म्हणाले, आईकडून.
माय माझी कामठीत विड्या वळायची,
रोजच्या हजार, सत्तरीपर्यंत.
बोटं तिची शेवटच्या दिवशीही
सुताचा फास चुकली नाहीत.

मेडिकलमधली डॉक्टरीण, पोरीच्या वयाची, समजावत होती:
काका, शरीराची फौज आपल्याच माणसांवर गोळ्या झाडते.
हो का, म्हटलं. आमच्यात अशाला
उभं करून आधी विचारतात,
हुकूम कुणाचा होता?
ती हसली नाही. गोळ्या वाढवून दिल्या.

तिसरं अपील. सिव्हिल लाइन्स, मे महिना,
कूलर चालू, पण पाणी नाही त्यात.
बांते बाबूनं चौऱ्याण्णवची सही काढून ठेवली:
रूपचंद नंदेश्वर,
शिरोरेषा सरळ, अक्षरं कदमतालात.
शेजारी आजची,
तापल्या डांबरावर सापडलेल्या गांडुळासारखी.
सही जुळत नाही न काका.
अंगठा मारून द्या, काय होते त्याले.

अंगठा.
विडीच्या ठेकेदाराच्या वहीत मायनं तीस वर्षं मारला,
आणि घरी येऊन चुलीपाशी
राखेनं घासत बसायची.

द्या इकडं पेन, म्हटलं.
र झाला. ऊकारापाशी मूठ अडली.
मागं रांगेत कुणी खोकलं.
वच्छलानं कागद दाबून धरला दोन्ही हातांनी.
शेवटच्या र पर्यंत पोचलो
तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.
बांते उठला नव्हता.
ही पण नाही जुळत, म्हणाला, हळू.
नाहीच जुळणार, बाबू. तेच लिहून द्या.

पेनाचं टोपण मात्र
त्यालाच लावायला सांगावं लागलं.