शुक्रवारची सुट्टी

गुरुवारी संध्याकाळी हॉस्टेल रिकामं होतं.
थुरैयाचा भाऊ गाडी घेऊन फाटकाशी येतो,
ती बहलाला जाते, आईकडे.
निघताना माझ्या उशाशी खजुराचा डबा ठेवते
आणि दार अर्धंच ओढून घेते,
पूर्ण लावलं तर मी आत संपून जाईन, अशी.

शुक्रवारी सकाळी अल-खूदचा रस्ता
धुऊन वाळत घातल्यासारखा.
नमाज होईपर्यंत दुकानांची शटरं खाली,
कुंजूमोन तेवढा मागच्या दारातून
कागदी पेल्यात करक चहा देतो
आणि सुटे पैसे नसले तर "नाळे, नाळे" म्हणतो.
नाळे म्हणजे उद्या.
माझी बरीच उधारी त्याच्या उद्यावर आहे.

चहा घेऊन जिन्यावर बसते.
समोर डोंगर, उघडा, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा.

घरी असताना माझी सुट्टी रविवारी,
अण्णांची शुक्रवारी.
त्या दिवशी आमच्या भागाला वीज नसायची,
म्हणून माग बंद, म्हणून सुट्टी.
मी दप्तर उचलायचे तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले,
रविवारी मी उठायचे
तेव्हा त्यांच्या चपला दारात नसायच्या.
वीस वर्षं एका खोलीत राहून
आमच्या सुट्ट्या एकमेकींना भेटल्या नाहीत.

इथे आले, आणि भेटल्या.
मध्ये समुद्र. मध्ये दीड तास.

"आज तुलाबी सुट्टी?"
दर शुक्रवारी तेवढ्याच नवलाने विचारतात.
मागाने त्यांचे कान खाल्लेत,
त्यामुळे फोनवर ते ऐकत नाहीत, ओठ वाचतात.
नेट अडकलं की माझे ओठ उघडेच राहतात
आणि ते त्या थांबलेल्या ओठांकडे
धागा तुटलेल्या मागाकडे बघावं तसे बघतात,
घाई न करता.

बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नसतं.
सुट्टीची सवय नाही आम्हाला, एकत्र.
ते नखं कापतात, मी मोजे धुते,
फोन बादलीला टेकवून.

"दगडच शिकायचं हुतं,
तर आमचा जोतिबाचा डोंगर काय वंगाळ हुता?"

मी सांगते, अण्णा, हा डोंगर समुद्राखाली होता.
समुद्राच्याही खालचा. वर ढकलला गेला.
ते नेलकटर खाली ठेवतात.
बराच वेळ काहीच नाही, मला वाटतं नेट गेलं.
मग म्हणतात,
"म्हंजी पानी निघून गेलं, आन् तळ ऱ्हायला."

परीक्षेत मी हे चार पानांत लिहिलं होतं.

शनिवारी वाडीत उतरलो, पाचजणी आणि सर.
हातोडीचा ठोका कोरड्या दरीत
दोनदा परत आला.
घरी फोन केला तर आई बोलत होती
आणि तिच्या पाठीमागे शेजारचा माग,
खट्याक खट्, खट्याक खट्.
म्हटलं, जरा धर तसाच.
तिला वाटलं, मी ऐकू येत नाही म्हणतेय. ती ओरडायला लागली.

रविवारी भाऊ दहापर्यंत लोळणार,
गल्लीत क्रिकेट, कुणाकडे तरी मटण.
अण्णा मागावर. मी आठ वाजता प्रयोगशाळेत.
कालच्याच दरीतला दगड, पण गेल्या सत्रातला,
कागदाहून पातळ घासून काचेवर बसवलेला.
भिंगाखाली पाहिलं
तर हिरवट जाळी, उभी-आडवी, पार कडेपर्यंत.
पुस्तकात तिला एक लांबलचक नाव आहे.
मी फोटो काढला आणि नावाशिवाय पाठवला.

उत्तर रात्री आलं, पाळी सुटल्यावर.
भावाने टाइप केलं असणार, पण शब्द त्यांचेच:
"कापड बरं हाय.
डावीकडं वर एक धागा तुटलाय. जॉबरला दाव."